नुसतं तीन

शनिवारी दुपारी नेव्हिल हॅड्रेल टिमारू गावाच्या टेकडीवर ब्रॉन प्रेबलच्या गॅरेजात पोचला, तेव्हा तिनं बाकावर दोन रेग्युलेटर मांडून ठेवले होते. शेजारी चहा आणि गरम चीझ रोल. बाहेर वायव्येचा गरम वारा सुटला होता आणि पत्र्याचं दार मधूनच खडखडत होतं.

"काका, आधी पोटोबा. मग सांगा, यातला कुठला लावायचा?"

रेग्युलेटर म्हणजे मुठीएवढी धातूची वाटी. पेट्रोलच्या पंपाचा जोर अडवायचा आणि कार्ब्युरेटरला झेपेल तेवढाच पुढे सोडायचा, एवढंच तिचं काम. नेव्हिलनं चाळीस वर्षं दुधाच्या कारखान्यात फिटरकी केली होती. त्यानं दोन्ही वाट्या हातात फिरवून बघितल्या. एकीवर एक ते सहा आकड्यांची चकती होती. दुसरीला नुसता स्क्रू, तो जागच्या जागी घट्ट धरणारा चेकनट आणि बाजूला दाब दाखवणारा गेज बसवायला भोक.

"ही," तो म्हणाला. "चकतीवर विसंबला तो फसला. चकती म्हणणार तीन आणि आत असणार पाच. गेज लावायचा आणि आपल्या डोळ्यांनी बघायचं."

"गेज तर बाबांनीही लावला होता."

नेव्हिलनं चीझ रोलचा मोठा घास घेतला. तोंड भरलेलं असलं की उत्तर द्यावं लागत नाही.

ब्रॉनचा बाप कॉलिन हा नेव्हिलचा तीस वर्षांचा दोस्त. पेशानं दातांचा डॉक्टर, पण सुट्या भागांचा संच आणून घरी गाडी बांधायचं वेड दोघांना एकदमच लागलं. समोर उभी होती तीच ती गाडी, दोन सीटांची, अंगावर नुसता ॲल्युमिनियमचा पत्रा. दोन वर्षांपूर्वी याच गॅरेजात पेट्रोलचा दाब फार चढला, कार्ब्युरेटर तुंबून ओसंडले, आणि पेट्रोल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं. गाडीचं नाक जळालं. भाजलेला कॉलिन महिन्याभरानं दवाखान्यातच वारला.

तेव्हापासून घरी गाड्या बांधणाऱ्यांच्या क्लबात नव्या माणसाला दम भरायची एक रीतच पडली. "गेज नीट वाच रे बाबा, प्रेबल करू नकोस!" एकदा ब्रॉनच्या देखतच कुणीतरी हे म्हणालं. त्या दिवशी तिनं ठरवलं की गाडी पुरी करायची आणि क्लबाच्या मेळाव्यात बापाच्या नावानं चालवून दाखवायची. ती शाळेत गाणं शिकवायची, यंत्रातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून तिनं नेव्हिलकाकाला बोलावलं. दुसरं बोलवणार कुणाला?

आणि नेव्हिलला या बोलावण्यासारखी दुसरी शिक्षा नव्हती.

आग लागली त्या दिवशी कॉलिनचा फोन आला होता. "नेव्ह, जर्मनीचा गेज आलाय. दाब किती ठेवू?" टीव्हीवर क्रिकेट रंगात होतं, शेवटची जोडी खेळत होती. "तीन," नेव्हिल म्हणाला आणि फोन ठेवला. नुसतं तीन. त्यांच्या वयाची सगळी मंडळी पौंडात मोजतात, आणि कार्ब्युरेटरला तीन पौंड पुष्कळ. पण जर्मनीचा गेज बारमध्ये मोजतो, आणि एक बार म्हणजे साडेचौदा पौंड. पंपही दुसऱ्या गाडीतला दांडगा होता. यंत्राच्या बाबतीत नेव्हिलचा शब्द कॉलिनला ब्रह्मवाक्य. त्यानं बिनदिक्कत काटा तीनवर नेला.

'जर्मनीचा' हा शब्द नेव्हिलनं ऐकला होता. नीट ऐकला होता. आगीच्या चौकशीत मात्र तो म्हणाला, "मी तीन पौंड सांगितलं होतं." एकच शब्द वाढवला आणि सगळा मूर्खपणा मेलेल्या माणसाच्या माथी मारला. दोन वर्षं आरशासमोर दाढी करतानासुद्धा त्याला लाज वाटायची.

चहा संपवून तो कामाला लागला. वाटी एक्झॉस्टपासून लांब, इंजिनामागच्या पत्र्यावर बसवली. वाटीवरच्या बाणाची दिशा दोनदा तपासली, नळ्यांचे क्लिप आवळले, पौंडाचा नवा गेज लावला. ब्रॉन स्टुलावर वही घेऊन बसली होती. गाडी पास करणाऱ्या तपासनिसाला प्रत्येक नोंद लेखी लागते.

पंप गुणगुणला. काटा हलला, चढला, थांबला.

"तीन पौंड," नेव्हिल म्हणाला.

ब्रॉननं मान वर केली. "किती?"

"तीन पौंड. लिही."

तिनं लिहिलं, पण जरा वेळ लावला.

"आता अडीचवर आणतो," म्हणत त्यानं स्क्रू सैल केला. काटा तीनवरच. अजून सैल केला, पार सुटेपर्यंत. तीनच. नवा गेज अडकला असेल, त्यानं काचेवर टिचकी मारली. पंप बंद केला. नळीत दाब कोंडून राहतो कधीकधी, त्यात नवल काही नाही.

"आता?" ब्रॉननं विचारलं.

"तीन पौंड."

तिचं पेन थांबलं. मग चाललं.

नेव्हिलनं नळी सोडली. चार थेंब पेट्रोल फडक्यात टिपलं आणि नळी कोरडी झाली. काटा हलला नाही. त्यानं गेजच काढला आणि बाकावर ठेवला. कशालाही न जोडलेला, नुसता पडलेला गेज. तीन.

त्याच्या पाठीला घाम फुटला. वाऱ्यानं हवा तापलीये, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

"काका," ब्रॉन म्हणाली, "बाबांना त्या दिवशी काय सांगितलं होतंत?"

तिचे ओठ पांढरे पडले होते. हिला कळलंय, नेव्हिलला वाटलं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही.

"तीन पौंड," तो म्हणाला. "चौकशीतही सांगितलंय मी. तीन पौंड."

"पुरे करा!" तिनं वही मिटली. "का छळताय मला?"

तेव्हा मात्र तो टायरवर बसला.

"पोरी, मी नुसतं तीन म्हणालो होतो. पौंड म्हणालोच नाही. गेज जर्मनीचा आहे हे मला ठाऊक होतं. चूक माझी. तुझ्या बापाची नाही. सोमवारी क्लबात उभा राहून सांगतो सगळ्यांना."

ब्रॉन स्टुलावरून उठून त्याच्यासमोर आली.

"ते तर तुम्ही आल्यापासून सांगताय," ती म्हणाली.

"काय?"

तिनं वही उघडून समोर धरली. दोन ओळी, तिच्याच अक्षरात.

तीन बार. तीन बार.

"मी असं म्हणालोच नाही," नेव्हिल म्हणाला. "मी पौंड म्हणालो. पौंड."

"पुन्हा तेच म्हणालात आत्ता."

दार खडखडायचं थांबलं होतं.

तिच्या डोळ्यांत राग नव्हता. नेव्हिलला तेच सोसेना. दोन वर्षं जे दातांमागं कोंडलं होतं, ते आता तरी तिच्यापाशी बोलावं, म्हणून त्यानं तिचा हात धरला आणि एकेक शब्द सुटा करत, स्पष्ट म्हणाला, "ब्रॉन, मला माफ कर."

ब्रॉननं हात हळूच सोडवून घेतला.

"'माफ नाही करणार'?" तिनं अगदी हलक्या आवाजात विचारलं. "कोण नाही करणार, काका?"