दादाने उठवलेला अंगठा

आमच्या दादाला कुणी लाज फुकट देऊ केली असती तरी त्याने घेतली नसती. विकता येत नाही ना! बाकी दिसेल ते त्याचं. आत्याची रोपवाटिकाही त्याला तशीच दिसली.

आत्याला मूलबाळ नव्हतं. तिला झाडांची कलमं कळायची, दादाला कायद्याची. मी तिच्या हाताखाली शिकले, आणि हातपाय धड चालत होते तेव्हाच तिने ती जागा मला बक्षीसपत्र करून दिली. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिने अंगठा उठवला. माझं पोट त्याच जागेवर.

ती गेली आणि दादाने दुसरा कागद काढला. तारीख माझ्या कागदाच्या आधीची, जागा दादाला दिलेली, खाली आत्याचा म्हणून अंगठा. तो दादाने स्वतःचाच उठवला होता! हे मला वहिनीनेच सांगितलं. नवरा इतका हुशार निघाल्याचं कौतुक बिचारीच्या पोटात मावत नव्हतं.

पुढे तीच एकदा म्हणाली, "ताई, यांचा फोन यांच्याच अंगठ्याने उघडेनासा झालाय."

"दुसऱ्यांच्या खिशात घालून झिजला असेल," मी म्हटलं.

मग ऑफिसच्या दारावरचं हजेरीचं यंत्रही त्याला ओळखेना. साहेब बाहेर उभे, शिपाई आत! दादाने अंगठा साबणाने घासला, लिंबाने चोळला. तरी नखाखाली हिरवं साचत राहिलं. ज्या माणसाने जन्मात कुंडीला तांब्याभर पाणी घातलं नाही, त्याच्या नखाखाली पानांचा चीक. मला तर मजाच वाटत होती.

मी कोर्टात ठसे तपासायची मागणी केली. तज्ज्ञाने दादाचा ताजा ठसा घेतला, दोन्ही कागदांवरचे शेजारी ठेवले आणि बराच वेळ भिंगातून पाहत बसला. शेवटी वैतागून म्हणाला, "तिन्ही एकाच अंगठ्याचे आहेत. मला असली चेष्टा आवडत नाही."

लिहून देताना मात्र विचारलं तेवढंच लिहिलं, की दादाच्या कागदावरचा अंगठा आत्याचाच आहे. मी हरले. महिनाअखेर जागा रिकामी करायचा हुकूम झाला.

दादा जागा बघायला आला तेव्हा मी कुंड्या गाडीत भरत होते. तो आत्याच्या कलमं बांधायच्या बाकाशी उभा राहून बडबडत होता. "इथे गाळे काढायचे. पुढे पार्किंग." तोंड हे बोलत होतं आणि हात पलीकडची सुरी उचलून फांदीला तिरका छेद देत होता. खाच बसली, पट्टी गुंडाळली गेली, अंगठ्याने दाबून गाठ मारली. गाठ उलटी. तशी गाठ फक्त आत्या मारायची.

त्याचं लक्ष हाताकडे गेलं आणि तोंड बंद झालं.

"अगं, हे मी नाही करत," तो म्हणाला.

मी कलम हलवून पाहिलं. नाव ठेवायला जागा नव्हती. अंगावर काटा आला, पण या माणसाची कीव येईना.

"तुझी जागा तू घे बाई," दादा रडत म्हणाला. "मला माझा हात हवाय."

दुसऱ्याच दिवशी आम्ही नोंदणी कार्यालयात गेलो. देणारा दादा, घेणारी मी. कारकुनाने दादाच्याच नावाचा पुकारा केला. दादाने यंत्रावर अंगठा ठेवला. कारकुनाने पडद्याकडे पाहिलं, मग मान वर करून दादाकडे नीट पाहिलं.

"जुळला," तो म्हणाला. "आजी, खुशीनं देताय ना?"

समोर दादाच होता. मिशीसकट.

मी हसायला तोंड उघडलं. कुणीच हसत नव्हतं.

"खुशीनं," दादा हळूच म्हणाला. "पहिल्यांदाही खुशीनंच दिली होती."

कारकुनाने कागद माझ्याकडे सरकवला आणि नात्याच्या रकान्यावर पेन टेकवलं.

"तुम्ही यांच्या कोण?"

दादा माझ्याकडे बघत होता. डोळे अजून त्याचेच होते, आणि ते विनवत होते.

"भाची," मी म्हटलं.