गोठलेल्या नदीवरची नावाडीण

डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. कचेरीसमोरच्या चौकातला सिग्नल हिरवा झाला, माणसं रस्ता ओलांडून गेलीसुद्धा, आणि मी पदपथाच्या कडेला खांबाला धरून उभीच होते. वितळून पुन्हा गोठलेला बर्फ पायाखाली आरशासारखा चकाकत होता. सप्पोरोत येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. मी वाढले त्या जपानच्या दक्षिण टोकाच्या कागोशिमात जमीन असा दगा देत नाही.

"हलू नका हं..." मागून कोणीतरी म्हणालं.

मी हलले, अर्थातच. उजवा पाय पुढे गेला, डावा कुठे गेला ते मला आजही सांगता यायचं नाही. तेवढ्यात कोणीतरी माझ्या बॅगेचा पट्टा घट्ट पकडला.

"हलू नका म्हटलं होतं ना?"

करड्या लोकरी टोपीतला एक उंच माणूस. एका हाताने त्याने मला तोलून धरलं होतं आणि दुसऱ्या हातात, घसरड्या रस्त्यावर टाकायला कोपऱ्यावर ठेवलेल्या पेटीतून काढलेली वाळूची पिशवी होती. ती त्याने दातांनी फाडली आणि पाहुण्यांसाठी सतरंजी अंथरावी तितक्या अगत्याने माझ्यापुढे वाळू पसरली.

"आता या. पावलं छोटी टाका. तळवा पूर्ण टेकवा."

"बदकासारखा?"

"पेंग्विनसारखा. बदक फार ऐटीत चालतं."

चौक ओलांडून आम्ही एकाच इमारतीच्या एकाच दारापाशी थांबलो. दोघांनीही गळ्यातलं ओळखपत्र बाहेर काढलं, आणि तो माझ्याकडे पाहतच राहिला.

"समेजिमा... म्हणजे नावाडिणीच्या समेजिमा-सान?"

मी त्याच्या ओळखपत्रावरचं नाव वाचलं. "म्हणजे माझी नदी गोठवणारे मोनमा-सान तुम्हीच?"

"नदी मी नाही गोठवली," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "मी फक्त थंडी केली. गोठली ती आपली आपण."

ते भांडण एव्हाना कचेरीत सर्वश्रुत झालं होतं. चार वर्षांपासून आमची कंपनी एक खेळ घडवत होती. उत्तरेकडचा एक अफाट, मोकळा प्रदेश. खेळाडूने त्यात हवं तिथे जावं, हवं ते करावं. पाचव्या मजल्यावर मोनमा-सान त्या जगाचे नियम लिहीत — पाऊस कधी पडेल, आग कशी पसरेल, भूक केव्हा लागेल. चौथ्या मजल्यावर मी तिथली माणसं लिहीत असे. मियो नावाची म्हातारी नावाडीण हे माझं पहिलं स्वतंत्र काम. नदी तीनदा ओलांडताना ती थोडी थोडी करून आपली हकिगत सांगते. एकूण बेचाळीस वाक्यं. त्यांतल्या प्रत्येकावर मी जीव टाकला होता.

पण तीन दिवस सलग कडाका पडला की पाणी गोठतं, असा मोनमा-सानांचा नियम होता. नदी जिथे गोठत नाही अशा गावातून आलेल्या मला तो विचारण्याचं सुचलं नाही. आणि प्रत्येक नदी गोठतेच, असं मानणाऱ्या त्यांना तो सांगण्याचं सुचलं नाही. नोव्हेंबरच्या चाचणीत वीस खेळाडूंपैकी सतरा जण बर्फावरून चालत पलीकडे गेले. तिघे होडीत बसले, त्यांतल्या दोघांनी बटण चुकून दाबलं होतं.

"मला दोन्ही आवडतात," आमच्या दिग्दर्शिका ओकुयामा-सान त्याच दिवशीच्या बैठकीत म्हणाल्या. "पण जिला कोणी भेटतच नाही अशी बाई मी खेळात कशी ठेवू? जानेवारीअखेरच्या चाचणीपर्यंत काहीतरी जमवा. नाहीतर मियोला काढावं लागेल."

"नदीवर एक अदृश्य भिंत घातली तर?" मी विचारलं.

"भिंत?" मोनमा-सान टेबलापलीकडून म्हणाले. "म्हणजे समोर काठ दिसतोय, पायाखाली टणक बर्फ आहे, आणि माणसाचं नाक हवेवर आपटतंय?"

"नाक आपटलं की थांबतील तरी! थांबले की ऐकतील."

"नाक आपटलेला माणूस गोष्ट ऐकत नाही, समेजिमा-सान. शिव्या देतो."

सगळे हसले. मलाही हसू आलं, म्हणून जास्तच राग आला.

त्यानंतर दुपारच्या जेवणाला ते रोज माझ्यासमोरच येऊन बसू लागले. भांडण पुरं करायला, असं त्यांचं म्हणणं. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या रस्सा-करीची वाफ आमच्या मधोमध तरंगत असे, आणि त्यांचा चष्मा कायम धुरकटलेला.

"तुमच्या लेखी माणसं म्हणजे हवामानात येणारा अडथळा," मी एकदा म्हणाले.

"आणि तुमच्या लेखी खेळाडू म्हणजे खुर्चीला बांधलेला श्रोता."

"निदान मी कोणाला थंडीत कुडकुडायला लावत नाही."

"अडथळा..." त्यांनी चष्मा काढून पुसला. डोळे अनपेक्षितपणे मऊ होते. "तुम्हाला अडथळा मी कधीच म्हटलं नव्हतं हं."

मी माझ्या वाडग्यातल्या भोपळ्याच्या फोडीकडे फार लक्षपूर्वक पाहू लागले.

जानेवारीतल्या एका रविवारी ते मला शहराच्या कडेच्या बाराटो नावाच्या गोठलेल्या पाण्यावर घेऊन गेले. खेळासाठी बर्फावरच्या पावलांचा आवाज मुद्रित करायचा होता. त्याला चौथ्या मजल्यावरची लेखिका कशाला हवी, हे दोघांनीही विचारलं नाही. आजूबाजूला रंगीत तंबूंत माणसं बर्फाला भोकं पाडून वाकासागी नावाचे चिमुकले मासे धरत होती. आम्ही त्यांच्यापासून बरेच दूर गेलो. मी दहा पावलं चालले, मग वीस. आणि एकाएकी खालून एक लांबलचक, खोल हुंकार आला.

मी त्यांची बाही पकडली. "फुटतोय!"

"नाही, वाढतोय. जाड होताना बर्फ असाच कण्हतो."

त्यांनी बाही सोडवून घेतली नाही. मीही सोडली नाही.

मग त्या पांढऱ्या शांततेत मी त्यांना ते सांगितलं, जे कचेरीत कोणालाच ठाऊक नव्हतं. माझे वडील एका छोट्या बेटावर होडी चालवत. शाळकरी मुलं, डॉक्टर, नववधू — बेटावरचं प्रत्येक माणूस त्यांच्या होडीतून पलीकडे जात असे. मी एकोणीस वर्षांची असताना पूल झाला. बेटाने मिरवणूक काढली. बाबाही त्या पुलावरून चालत गेले, टाळ्या वाजवत. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या होडीत कोणीच बसलं नाही.

"म्हणून तुम्हाला भिंत हवी होती," मोनमा-सान हळूच म्हणाले.

"असेल... मला माहीत नाही."

सोमवारी संध्याकाळी, निघण्यापूर्वी, मी कामाच्या यादीतून मियोला काढून टाकलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं : 'ही नदी खरी आहे. तिला गोठू द्यावं.' त्या हुंकारानंतर मला दुसरं काही लिहिता येईना.

मंगळवारी सकाळी ओकुयामा-सानांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. मोठ्या पडद्यावर खेळाची त्या दिवसाची ताजी आवृत्ती सुरू होती. भर थंडीत माझी नदी खळखळ वाहत होती. काठावर रिकामी होडी डुलत होती, आणि तिच्याजवळ कोणीही नव्हतं.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. "काल संध्याकाळी समेजिमांनी नावाडीण काढली. आणि त्याच संध्याकाळी मोनमांनी या नदीपुरतं गोठणं बंद केलं. आता खेळाडूने काय करायचं? काठावर बसून आयुष्याचा विचार?"

मी मोनमा-सानांकडे पाहिलं. ते गालिच्याकडे पाहत होते, कान लालबुंद.

"तुम्ही... नियम बदललात? तुम्ही?"

"एकाच नदीपुरता अपवाद. पुलाचं ऐकल्यावर... पण तुम्ही तिला काढून का टाकलंत?"

"मला वाटलं, नदी तुमची—"

"अहो, पुरे!" ओकुयामा-सानांनी कपाळाला हात लावला. "इतकं जडलं असेल तर आधी मला कळवत जा, मी दोघांना एकाच खोलीत बसवते. चाचणी पुढच्या शुक्रवारी आहे. जा आता."

त्यांनी खरोखरच आम्हाला एक खोली दिली. आम्ही समोरासमोर बसलो. कोण कोणाला लाजत होतं, हे सांगणं अवघड आहे.

शेवटी त्यांनी विचारलं, "पूल झाल्यानंतर तुमचे बाबा सकाळी काय करायचे?"

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही विचारला नव्हता.

"धक्क्यावर जायचे," मी म्हणाले. "रोज. वारा बघायचे, भरती-ओहोटी बघायचे आणि तिथल्या फळ्यावर खडूने लिहून ठेवायचे."

"वाचायचं कोण?"

"कोळी वाचत असतील. मी... मी कधी पाहायला गेले नाही. त्यांना तसं उभं बघवत नव्हतं. मी शिकायला निघून गेले, ती गेलेच."

"मियोच्या बेचाळीस वाक्यांत ती सकाळ कुठेच नाही," ते म्हणाले. टोमणा नव्हता तो. "तिच्या होडीत सारखं कोणीतरी बसलेलंच असतं. रिकाम्या हातांची मियो तुम्ही लिहिलीच नाहीत."

माझे डोळे भरून आले. त्यांनी घाईघाईने खिशातून रुमाल काढला, तर त्यात गुंडाळलेली मासे धरण्याची दोरी निघाली. मग बाहीच पुढे केली. मला हसूही फुटलं.

"आमच्या गावी इशिकारी नदी गोठायची ना," ते सांगू लागले, "तेव्हा बर्फावरून जायची वाट नावाडीच बांधायचे. असं आजोबा सांगत. वाळुंजाच्या फांद्या अंथरायच्या, वर बर्फ, वर पाणी ओतायचं. कारण प्रवाह कुठे आहे, बर्फ कुठे पातळ राहतो, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसायचं."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आणि दोघेही एकदमच खोलीतल्या फळ्याकडे धावलो.

नदी पुन्हा गोठली. पण आता तिच्या प्रवाहावरचा बर्फ पातळ होता. वेंधळेपणाने धावणारा खाली जाई आणि भिजून काठावर परत येई. मियो रोज सकाळी काठी घेऊन बर्फावर उतरे, ठोके, कान देई, फांद्या अंथरत पुढे जाई. तिच्याशी बोलण्याची सक्ती नव्हती. मोनमा-सानांनी तिची चाल घडवली. गुडघा दुखणाऱ्या माणसासारखी चाल जमावी म्हणून ते तीन दिवस खोलीभर लंगडत फिरले. मी बेचाळीसपैकी पस्तीस वाक्यं खोडली. उरलेली सात चालता चालता बोलायची, धापा टाकत, मध्येच थांबत.

शुक्रवारी काचेआडून आम्ही चाचणी पाहत होतो. पिवळ्या स्वेटरातला एक विद्यार्थी खेळायला बसला होता. कोणी बोलू लागलं की तो बटण दाबून संभाषण पुढे ढकलत होता. तासाभरात त्याने माझ्या सहकाऱ्यांच्या सहा पात्रांना तोंड उघडू दिलं नव्हतं.

"संपलं," मी पुटपुटले.

नदी आली. तो धावला. बर्फ कडाडला, तो पाण्यात. पुन्हा धावला, पुन्हा पाण्यात. तिसऱ्यांदा तो काठावर थांबला. दूरवर एक वाकलेली आकृती काठीने बर्फ ठोकत निघाली होती. तो धावत तिच्यापर्यंत गेला, तिला मागे टाकलं... आणि थबकला. परत वळला. आमच्या खेळात सावकाश चालण्यासाठी अंगठा अगदी अलगद टेकवून धरावा लागतो. त्याने तो तसा धरला आणि म्हातारीच्या मागून, तिच्याच चालीने, निघाला. ती बोलू लागली. त्याचा दुसरा अंगठा बटणावर गेला, आणि नुसताच टेकून राहिला.

सातही वाक्यं त्याने ऐकली.

पलीकडे पोचल्यावर मियो परत फिरली. उपकथा तिथेच संपत होती. पण तो काठावर क्षणभर उभा राहिला आणि तिच्याबरोबर पुन्हा सगळी नदी चालत मागे आला.

ओकुयामा-सानांनी नंतर त्याला कारण विचारलं. तो ओशाळून मान खाजवत म्हणाला, "काही नाही... एकटीच चालली होती ना ती."

त्या दिवशी वीसपैकी अठरा जण मियोच्या मागून चालले. ओकुयामा-सानांनी यादीत तिच्या नावापुढे शिक्का मारला आणि म्हणाल्या, "राहू दे म्हातारीला."

मी बाहेरच्या गच्चीत येऊन घरी फोन लावला. सूर्य अजून मावळला नव्हता. हिमकण सोनेरी दिसत होते. बाबांना मी सगळं सांगितलं : नदी, काठी, फांद्या, पिवळा स्वेटर. आणि फळ्याची माफी मागितली — तो पाहायला कधी आले नाही, त्याबद्दल.

"तो नदी गोठवणारा जवळ आहे का गं?" बाबा म्हणाले. "त्याला दे जरा."

मोनमा-सान दारातच उभे होते. त्यांनी टोपी काढून दोन्ही हातांनी फोन घेतला, आणि समोर कोणी नसताना चारदा कमरेतून वाकले. "हो... नाही... हो, नक्की." तो उंच माणूस हिमात असा वाकताना पाहून माझ्या मनात एकच भावना होती. त्याने माझी नदी गोठवली नसती, तर मी माझ्या वडिलांपर्यंत कधी पोचलेच नसते. आभार हा शब्द त्यापुढे तोकडा होता. आणि जो पुरेसा होता, तो अजून ओठांवर यायचा होता.

त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणाले बाबा?"

"आधी आभार मानले. मग विचारलं, पोहता येतं का?"

"मग?"

"नाही म्हटलं. खोटं कसं बोलणार?"

"अरे देवा. मग?"

"म्हणाले, उन्हाळ्यात, ऑगस्टला या, शिकवतो. होडी अजून तरंगते म्हणाले." त्यांनी टोपी दोन्ही हातांत पिळली. "पण एकट्याने यायचं की... ते मी त्यांना नाही विचारलं. ते तुम्हाला विचारायचं होतं, कानोको-सान."

माझं हे नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"एकटे गेलात तर बाबा तुम्हाला पाण्यात ढकलूनच शिकवतील," मी म्हणाले. "मला त्याच पद्धतीने शिकवलं."

"म्हणजे... तुम्ही येणार?"

"मी काठावर नाही उभी राहणार, ताकुतो-सान. मीही उतरेन. तुम्ही माझा हात धरा."

ऑगस्टला सहा महिने होते. त्यांनी हात तेव्हाच धरला.