डोळ्यांचा दुभाषी

मोकलांच्या कारखान्यात माणसं चार होती आणि हात एकोणीस. त्यातले अकरा छताच्या रुळांवरून खाली लोंबकळत, मूर्तींना रंग देत आणि चहाची सुट्टी मागत नसत. पेणच्या आसपास आता सगळीकडे हेच होतं. पीतांबर, शेला, सोंडेवरची नक्षी, सारं यांत्रिक हात करायचे. मोकलांकडे डोळ्यांची आखणी तेवढी माणूस करायचा, आणि तो माणूस माघात वारला.

दामोदर मोकल, म्हणजे अण्णा. लोक लांबून लांबून यायचे ते त्यांच्या आखणीसाठी. मूर्ती कुठलीही मिळेल, बघणारी हवी तर मोकलांकडे, असं बोललं जायचं. आता एकशे चाळीस मूर्ती कोऱ्या पांढऱ्या डोळ्यांनी फळ्यांवर बसल्या होत्या आणि अण्णांची मुलगी हर्षला एका पंधरा वर्षं जुन्या लॅपटॉपसमोर बसली होती.

त्या लॅपटॉपात अण्णांचा हात होता. मागे लागून लागून तिनं दोन हंगाम त्यांच्या हातात संवेदक बसवलेला मोजा चढवला होता, समोर कॅमेरा लावला होता, आणि कुंचल्याची हालचाल न् हालचाल नोंदवून घेतली होती. ती नोंद उघडायला त्याच लॅपटॉपची ग्राफिक्स चिप लागायची. यंदा मात्र नियम आला की कारखान्यातले हात फक्त नव्या प्रणालीशी बोलतील. हर्षलानं नवी प्रणाली चढवली. त्या प्रणालीनं यंत्रभर नजर फिरवली आणि नम्रपणे कळवलं की इथे ग्राफिक्स चिप असल्याचं तिच्या ऐकिवात नाही.

हवा होता ड्रायव्हर, म्हणजे चिप आणि प्रणाली यांच्यामधला दुभाषी. तो नसला की दोघी एकाच घरात राहून अबोला धरतात.

कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या जागी मावळत्या सूर्याचं चित्र होतं, खाली मजकूर: ‘आपल्या उपकरणाला सन्मानाने निरोप द्या.’ मदतवाणीनं तिचं दुःख समजून घेतलं आणि समाधानाला पाचपैकी किती गुण देता ते विचारलं. एका चर्चापानावर हेच मॉडेल, हीच अडचण घेऊन एक गृहस्थ सात वर्षांपूर्वी येऊन गेले होते. चार दिवस त्यांनी टाहो फोडला होता आणि पाचव्या दिवशी लिहिलं होतं, ‘सुटलं. धन्यवाद.’ कसं सुटलं ते लिहिलं नव्हतं. हर्षलानं त्यांना मनातल्या मनात जे सुनावलं ते मूर्तींसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

शेवटी तिनं लॅपटॉप उचलला आणि बाजारात शिरीष घरतच्या दुकानात नेला. शिरीष तिच्याहून आठ वर्षांनी मोठा, लहानपणापासून ओळखीचा. लोकांनी टाकून दिलेली यंत्रं जगवणं हा त्याचा धंदा, आणि टाकणाऱ्या लोकांना नावं ठेवणं हा विरंगुळा.

“यांत्रिक हातांच्या कंपनीचे तयार डोळे का नाही बसवत?” तो म्हणाला. “डोळे क्रमांक सात. सगळ्या तालुक्यानं घेतलेत.”

“म्हणूनच. सगळे गणपती एकाच आईचे वाटतात.”

“एकाच आईचेच आहेत ते, हर्षला.”

“दादा, ड्रायव्हर शोध.”

त्यानं तीन जुने ड्रायव्हर घालून पाहिले. पहिल्यानं पडदा उलटा केला, दुसऱ्यानं हिरवा. तिसऱ्यानं दोन मिनिटं उत्तम काम केलं आणि मग लॅपटॉपनं मान टाकली.

“एक उपाय राहिला,” शिरीष म्हणाला. “नव्या प्रणालीतच असतो. स्वयंदुभाषी. तो चिपला लाखभर प्रश्न विचारतो, उत्तरं ऐकून तिची भाषा शिकतो आणि ड्रायव्हर स्वतःच लिहितो. उत्तर मिळालं नाही, तर अंदाजानं भरतो.”

“कितपत अंदाज?”

“लग्न जुळवणाऱ्या मावशीइतपत. काम होतं, पण मागाहून तपशील विचारू नये.”

स्वयंदुभाषी दोन दिवस बसला. तिसऱ्या सकाळी कारखान्यात पडदा उजळला आणि त्यावर अण्णांचा हात दिसला: कुंचला तिरका, करंगळी मूर्तीच्या गालाला टेकलेली. त्याबरहुकूम छताच्या रुळावरचा एक हात खाली आला आणि समोरच्या मूर्तीवर पापणीची वरची रेघ एका श्वासात आली. हर्षला बघत राहिली, आणि बुबुळाची वेळ आली तशी तिनं पाठ फिरवली. शिरीषनंही फिरवली. बेबीमावशी तीस वर्षं इथे मूर्ती घासत होती, ती तर दाराबाहेर गेली. बुबुळ ठेवताना कुणी बघायचं नाही, हा अण्णांचा दंडक होता. त्या क्षणी मूर्ती पहिल्यांदा बघते, आणि तिच्या समोर आखणाऱ्याशिवाय कुणी असू नये. माणूस गेला तरी मानेला लागलेली सवय जात नाही.

वळून बघितलं तेव्हा पहिली मूर्ती बघत होती.

“अण्णाच,” शिरीष हळूच म्हणाला.

नऊ दिवसांत एकशे चाळीस मूर्तींना डोळे आले. दहाव्या दिवशी बेबीमावशी कामाला आली आणि उंबऱ्याशीच थांबली.

“काय झालं?”

“हे काही देणारे डोळे नव्हंत गो,” मावशी म्हणाली. “मागणारे हायेत.”

हर्षला हसली आणि फळ्यांसमोरून चालत गेली. मधल्या रांगेपर्यंत येताना तिचं हसू संपलं. एकशे चाळीस मूर्ती तिच्याकडे अशा बघत होत्या, जसं डॉक्टर बाहेर आले की नातेवाईक बघतात.

तिनं शिरीषला बोलावलं. त्यानं दुभाष्यानं ठेवलेली नोंद उघडली आणि बराच वेळ चष्मा पुसला.

“तू ही रेकॉर्डिंगं शेवटपर्यंत कधी बघितली होतीस?”

“पापणीपर्यंत. पुढे कोण बघणार?”

“तिथंच घोळ झाला. पापणीनंतर काही नाहीच. प्रत्येक वेळी अण्णांनी कॅमेऱ्यावर टॉवेल टाकलाय आणि मोजा काढून ठेवलाय. कॅमेरा म्हणजेही बघणाराच ना त्यांच्या लेखी.”

“मग ही बुबुळं कुणाची?”

“दुभाष्याला भोक दिसलं, त्यानं भरलं. हाताशी काय होतं, तर लॅपटॉपच्या पडद्याच्या वरच्या कडेचा तो बारका कॅमेरा. तो चालूच राहिलेला. अण्णांना ठाऊक नव्हतं. त्यात त्यांचा चेहरा आलाय, बुबुळ ठेवतानाचा. तीच नजर उचललीय त्यानं.”

त्यानं पडदा तिच्याकडे वळवला. हर्षलाची मान नकळत वळू लागली, पण या वेळी तिनं पाठ फिरवली नाही. उजेड कमी होता. अण्णा मूर्तीच्या पार जवळ वाकलेले, कुंचला थांबलेला. सत्तर वर्षांचा, साऱ्या तालुक्याला फटकारणारा तो माणूस भ्यालेला होता. फटका खाण्याआधी मूल बघतं तसा बघत होता.

“दर मूर्तीला?” तिनं विचारलं.

“दर मूर्तीला.”

उद्यापासून गिऱ्हाइकं येणार होती. ही नजर एकशे चाळीस घरांत, मखरात, समया लावून बसणार होती. लोक तिच्यासमोर हात जोडून मुलांच्या परीक्षा, आईचं ऑपरेशन सांगणार होते.

“पुसते,” हर्षला म्हणाली. “एकेक करून मीच आखते.”

“तू कधी आखलेत?”

“पापणीपर्यंत.”

तिनं पहिल्या मूर्तीचं बुबुळ ओल्या कापडानं टिपून घेतलं. पांढरं पुन्हा पांढरं झालं. तिनं कुंचला काळ्यात बुडवला, करंगळी गालाला टेकवली आणि मग विचारलं, “दादा, तो चेहरा तरी पुरता नोंदलेला आहे ना?”

“म्हणजे?”

“दुभाष्यानं त्यात काही भरलं नाही ना?”

शिरीषनं नोंद खाली सरकवली.

“उजेड कमी होता,” तो म्हणाला. “कपाळ, नाक, हनुवटी खरी आहे. डोळ्यांच्या जागी अंधारच होता. तिथलं... अठ्ठ्याण्णव टक्के त्यानं अंदाजानं भरलंय.”

बेबीमावशी आधीच बाहेर गेली होती. शिरीष उठला आणि बाहेर जाऊन त्यानं दार ओढून घेतलं.

हर्षला मूर्तीजवळ वाकली. समोर कोरं पांढरं होतं, आणि कुंचला वाटेतच थांबला होता. अण्णा इथे वाकून दर वेळी खरंच भ्याले होते, की अशा वेळी माणसानं भ्यायला हवं असं त्या दुभाष्याला वाटलं होतं? आणि तसं असेल, तर आत्ता तिच्या बोटांत उतरलेली ही भीती कुणाची होती?