दोनदा दाबलेला ब्रेक

गाडी संध्याकाळी जायची होती आणि तिच्यात एकच खोट उरली होती. ब्रेक दाबला की फ्यूज उडायचा. वायरमनने उभा जन्म लोकांच्या गाड्यांच्या वायरी धुंडाळण्यात घालवला, पण बायको गेल्यापासून स्वतःच्या या जुन्या गाडीला हात म्हणून लावला नव्हता. रोज नुसता तिच्यात जाऊन बसायचा. लेकीच्या कानावर ते गेलं तेव्हा तिने फोनवर निक्षून सांगितलं, "बाबा, ती गाडी आधी विका आणि घराला कुलूप लावून इकडे या."

त्याला पटलंही होतं. एकट्यापुरता चहा टाकायचा कंटाळा यायला लागला की माणसाने घर सोडावं हे बरं. गिऱ्हाईकही भलं मिळालं होतं, पलीकडच्या गल्लीत नव्यानेच राहायला आलेले मास्तर.

परसातल्या शेडमध्ये, घराकडे पाठ करून उभ्या असलेल्या गाडीशी तो दुपार कलताना कामाला लागला. उडालेला फ्यूज काढून त्या जागी त्याने लांब वायरींचा एक बल्ब जोडला आणि मागच्या काचेतून दिसेल असा टांगला. वायर कुठे पत्र्याला टेकत असली की हा बल्ब भगभगून पेटतो, दोष निघाला की मंदावतो. मग सीट आणि ब्रेकच्या पेडलमध्ये एक लाकडी पट्टी ठोकून बसवली. बल्ब लखलखला.

पट्टी ही अलीकडची सोय. पूर्वी पेडलवर बायको असायची. गाडीतली चटई मळू नये म्हणून चपला बाहेर काढून अनवाणी बसायची. त्याने मागून "दाब गं" म्हटलं की दाबायची, "पुरे" म्हटलं की पाय काढायची. कंटाळली की पटपट दोनदा दाबायची. म्हणजे, झालं का? तो मग मुद्दामच आणखी वेळ लावायचा.

डिकीच्या बिजागरीपाशी त्याने वायरींची जुडी हलवली आणि बल्ब लुकलुकला. इतक्या वर्षांच्या उघडझापीने रबर झिजून आतलं तांबं उघडं पडलं होतं. त्याने नीट टेप गुंडाळली, बल्ब मंदावला. नवा फ्यूज बसवून, पट्टी काढून काखेत मारून तो ब्रेकचे लाल दिवे बघायला मागे आला.

"दाब गं," सवयीने तोंडातून गेलं.

दोन्ही दिवे लागले.

पट्टी तर त्याच्या काखेत होती. शेडमध्ये तापलेल्या पत्र्याचा आणि जुन्या तेलाचा वास दाटला होता आणि कुठे पाखरूसुद्धा बोलत नव्हतं.

"पुरे..." तो पुटपुटला. दिवे विझले. मग पटपट दोनदा लागले.

त्याने पट्टी खाली टाकली. पुढे जाऊन पाहिलं तर सीट रिकामी. पेडलचा स्विच अडकत असेल, दुसरं काय, असं स्वतःला बजावून त्याने बॉनेट उघडलं आणि बॅटरीची वायर काढूनच टाकली.

तेवढ्यात मास्तर आले आणि गाडीमागे थांबले. "वा, दिवे छान लागतायत की. बाईंना सांगा, पाय काढा आता. बॅटरी उतरेल."

बॅटरीची वायर वायरमनच्या हातात होती. उघड्या बॉनेटपलीकडचं त्याला काही दिसत नव्हतं.

"पुरे गं..." तो हलकेच म्हणाला.

"हं, गेले," मास्तर म्हणाले. "मग नेऊ का गाडी?"

दुसरा कोणी असता तर किल्ली टाकून पळाला असता. वायरमनचे डोळे भरून आले. इतके दिवस घराच्या मागच्या अंगाला ती वाट बघत होती, आणि हा तिला विकायला निघाला होता. त्याने मास्तरांची माफी मागून त्यांना परत पाठवलं आणि लगोलग लेकीला फोन लावला.

"मी काही येत नाही गं."

"बाबा, एकटे किती दिवस..."

"एकटा नाहीये," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मग आत न बघताच त्याने गाडीचं दार उघडलं. "झालं माझं. चल आता घरात." आणि चालू लागला. मागे वळून पाहिलं तर ती जाईल अशी त्याला धास्ती होती. मागून पावलं आली. जरा जडच होती. थकली असेल, त्याला वाटलं. उंबऱ्याशी तो बाजूला झाला, डोळे मिटून. ओल्या मातीचा वास त्याच्या अंगावरून आत गेला. त्याने दाराला कडी लावली आणि कितीतरी महिन्यांनी दोघांपुरतं चहाचं आधण ठेवलं.

दिवस मावळला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेड दिसत होती, काळी, बॅटरीची वायर लोंबणारी गाडी पोटात घेऊन.

तिथे दोन लाल दिवे लागले. पटपट, दोनदा.

आणि मागे, आतल्या खोलीत, पलंग करकरला.