टवका उडालेला क्रूस

उन्हाळ्याच्या सुट्टीतला पहिलाच रविवार. राजवाड्याच्या मागच्या अंगणात कॉफी मांडली होती आणि वाल्बुर्गाचे वडील, राजाच्या चांदीच्या भांड्यांचे भांडारप्रमुख क्रॉयत्सर, छाती पुढे काढून बसले होते. छातीवर महिन्याभरापूर्वी मिळालेलं राजाचं मानाचं पदक, निळ्या मिन्याचा क्रूस. वाल्बुर्गा दर दोन घासांनी त्या क्रूसाकडे बघे आणि मग मुद्दाम माळ्याच्या ओटिलीकडे.

ओटिलीला चेरीचा केक गोड लागेना. तिचा नुसता जळफळाट होत होता. तिच्या बाबांनी तीस वर्षं राजाची बाग सांभाळली, त्यांना काय मिळालं? कंबरदुखी आणि परवाचं ते पत्र.

राजाच्या वनखात्यातल्या तिच्या आजोबांनाही असाच क्रूस होता. मानकरी वारला की घरच्यांनी क्रूस राजाला परत करायचा, अशी रीतच होती. आजोबा गेल्यावर बाबांनी तो फेब्रुवारीत दरबारी कचेरीतले मोठे कारकून श्पेटमान यांच्या हातात दिला होता. एवढ्या मोठ्या माणसाकडे पावती कशी मागायची, म्हणून मागितली नाही. आता त्या पत्रात श्पेटमान म्हणत होते, मला मिळालाच नाही. उद्या दुपारपर्यंत क्रूस हजर केला नाही, तर बाबांची नोकरी जाणार होती आणि नोकरीबरोबर बागेतलं घरही.

ओटिलीची नजर काही क्रूसावरून हलेना. म्हणून तर तिला दिसलं. खालच्या टोकाला निळ्या मिन्याचा बारीकसा टवका उडाला होता. तो टवका तिनेच उडवला होता, चार वर्षांची असताना, आजोबांच्या मांडीवर बसून क्रूसाने अक्रोड फोडताना.

तिने धाकट्या भावाला, गिस्बर्टला, झुडपामागे ओढून सगळं सांगितलं.

"मग ओरडून सांग ना सगळ्यांना," तो म्हणाला. "क्रॉयत्सरकाका चोर आहेत म्हणून."

ओटिलीला मोह तर फार झाला. वाल्बुर्गाचं तोंड कसं पडलं असतं! पण क्रॉयत्सरांना तो भर समारंभात मिळाला होता. त्यांनी चोरला कसा असेल? म्हणजे नवे-जुने क्रूस जिथे ठेवायचे, त्या श्पेटमानांच्या कपाटातच घोळ झाला होता. शिवाय ती जळते हे अख्ख्या अंगणाला ठाऊक. तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? नाइलाजाने ती वाल्बुर्गाकडेच गेली आणि अक्रोडापासून सगळं सांगितलं.

वाल्बुर्गा आधी फणकारली. मग वडिलांच्या मागे जाऊन, वाकून टवका बघून आली आणि तिचे कानच लाल झाले.

"माझ्या बाबांना जुना क्रूस दिला?" ती म्हणाली. "थांब, बघतेच त्या श्पेटमानला."

सोमवारी सकाळी वाल्बुर्गा नवा झगा घालून कचेरीत गेली. बाबांच्या क्रूसाचा टवका उडालाय, तक्रार करायला ते थेट राजधानीला निघालेत, असं तिने अगदी रडवेल्या आवाजात सांगितलं. श्पेटमानांना घाम फुटला. त्यांनी घाईघाईने कपाट उघडलं, कागदांच्या ढिगाखालून एक कोरी पेटी काढली आणि तिच्या हातात कोंबली.

"हा घे, हा खरा तुझ्या बाबांचा. माळ्याने आणलेला जुना चुकून तिकडे गेला वाटतं. कुठे बोलू नकोस हं, बाळ."

दार उघडलं. दारात गिस्बर्टने हाताला धरून आणलेले बाबा सगळं ऐकत उभे होते आणि त्यांच्या मागे ओटिलीने आणलेले क्रॉयत्सर, कपाळाला आठ्या घालून.

दुपारच्या आत जुना क्रूस राजधानीच्या टपालात पडला, या वेळी पावतीसकट. क्रॉयत्सरांनी सगळ्यांसमोर ओटिलीच्या पाठीवर थाप मारली आणि अशी नजर आपल्या भांडारात कुणाचीच नाही, असं म्हणाले. बाबांची नोकरी वाचली आणि घरही. वाल्बुर्गाच्या बाबांचा नवा क्रूस मात्र चकाचक होता, आणि खोटं कशाला, ओटिलीला तो बघून पुन्हा थोडं जळायला झालंच.

संध्याकाळी वाल्बुर्गा कुंपणापाशी आली. बराच वेळ कुंपणाच्या लाकडाची साल सोलत उभी राहिली.

"आमच्याकडे मला क्रूसाच्या पेटीलासुद्धा हात लावू देत नाहीत," ती म्हणाली. "आजोबा तुला रागावले नाहीत?"

"नाही. हसले."

"आणि अक्रोड? फुटला?"

"फुटला ना. अर्धा त्यांनी खाल्ला, अर्धा मला दिला."

 वाल्बुर्गाच्या तोंडावरचा हेवा ओटिलीला लगेच कळला, कारण ते तोंड तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. गेला महिनाभर ती ते रोज आरशात बघत होती.