लॉरेन आल्यापासून

१९७८ साल. आखातातलं एक बेट. शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी चारुलता माहूज वस्तीतल्या मैदानाच्या कडेनं घरी निघाली होती, तोच लाल टाक्यांचा एक पांढरा चेंडू तिच्या सँडलवर येऊन थडकला. तिनं तो उचलून फेकला... भलतीकडेच!

"नेम छान आहे हं — पण धरला कुणावर होता?" चेंडूमागून आलेला तरुण हसला.

"तुमच्यावर धरला असता, तर चुकला नसता!"

असा भेटला राजन. जवळच्या अस्कर गावातल्या कारखान्यात इंजिनियर. तिथलेच निवृत्तीला आलेले अमेरिकन फोरमन जोशुआ त्याला बेसबॉल शिकवत. तरुणपणी ते पिचर होते, चेंडू फेकणारे. गोऱ्यांच्या संघांत काळ्यांना मज्जाव. म्हणून सोळा वर्षं काळ्यांच्या लीगमध्ये, बसमध्ये झोपून, गावोगाव खेळले.

मग दर शुक्रवारी चारुलता चहाचा थर्मास घेऊन येऊ लागली. कप घेताना राजनची बोटं उगीच रेंगाळत...

आणि अमेरिकेहून जोशुआची मुलगी लॉरेन आली. उंच, खळखळून हसणारी. राजन तिला रोज गाडीतून पुलापलीकडच्या बुसैतीनला नेई. इकडे बँकेत चारुलताचं टायपिंग चुकू लागलं.

तिसऱ्या शुक्रवारी तिनं थर्मास आपटलाच. "मी पुण्याला चाललेय. एका स्थळाला होकार कळवतेय."

राजनचा चेहरा उतरला. "अभिनंदन," एवढंच म्हणून तो लॉरेनकडे निघून गेला.

जोशुआ तिच्याशेजारी बसले. "पोरी, माझा एक दोस्त होता. चेंडू वळवायला मीच शिकवलं त्याला. गोऱ्यांनी दार उघडलं तेव्हा मी तेहेतिशीचा, तो विशीतला. त्याला बोलावलं, मला नाही. मी असा जळलो, की स्टेशनवर निरोप द्यायलाही गेलो नाही. पुढं तो वारल्याचं पेपरात वाचलं. हरलेले सामने विसरलो. हे नाही."

चारुलता उठली ती थेट राजनसमोर. लॉरेन शेजारी होती, असू दे!

"मी कुणाला काही कळवलेलं नाही. मला... हिचा हेवा वाटतो. तुम्ही हिला फिरवता, ते बघवत नाही मला!"

राजन बघतच राहिला. "अहो, हिच्या बाबांचे सामने तिकडच्या पेपरांनी कधी नीट छापलेच नाहीत. म्हणून ही त्यांच्या आठवणी लिहून काढतेय. बुसैतीनला माझ्या मित्राचा टाइपरायटर आहे."

"टायपिंग मी केलं असतं की!"

"तुम्हाला दिवसभर तेच काम, म्हणून... आणि खरं सांगू? तुम्ही जळताय, हे बघून जरा बरंही वाटत होतं. पण पुण्याचं ऐकलं, आणि मी खलास."

"नालायक!" ती म्हणाली; पण डोळे भरून आले होते.

मराठी न कळणाऱ्या लॉरेननं राजनला विचारलं, "काय म्हणतेय ही?"

"माझ्याशी लग्न करीन म्हणतेय," राजननं इंग्रजीत सांगितलं.

चारुलताला इंग्रजी उत्तम येत होतं. तिनं ते भाषांतर दुरुस्त केलं नाही.