गाडीचं चार्जिंग कुणी खाल्लं?

"गाडीत बसून गाणी कुणी ऐकली?" निलेशकाकांचा आवाज असा चढला की माडावरचा कावळासुद्धा उडाला. "चौदा टक्के! काल साठच्या वर होतं चार्जिंग आणि आता चौदा! सर्वेश! राही! आधी इकडे या!"

राही आली, पण पाय आपटत आली. तिच्यामागून तिचा धाकटा भाऊ सर्वेश आला. त्याला एक वाईट खोड होती. नको त्या वेळी तो खरं बोलायचा.

"आम्ही ऐकली. तीन गाणी," तो म्हणाला.

"झालं! सापडला चोर!"

"तीन गाण्यांत एवढं चार्जिंग जातं होय, काका?" राही भडकली. "मग दापोलीहून वेळणेश्वरपर्यंत तू अख्खा रस्ताभर गाणी लावली होतीस, तेव्हा बरी नाही संपली बॅटरी!"

"उलट बोलू नकोस!"

काकांची ही नवीकोरी इलेक्ट्रिक गाडी. सुट्टीतली तिची पहिली मोठी सफर होती, समुद्रावर एक मुक्काम करून परत यायचं, एवढाच बेत. पण अर्ध्या तासापूर्वी तूबाच्या घरून फोन आला आणि सगळंच फिरलं. तूबा राहीच्या वर्गातली, शेजारच्याच घरातली. तिचे अब्बा, रशीदचाचा, मोठ्या बोटीवर खलाशी होते. ते पुढच्या आठवड्यात निघणार होते, पण कंपनीने तारीख अलीकडे आणली. आज संध्याकाळच्याच एसटीने ते मुंबईला निघणार आणि मग नऊ महिने समुद्रावर!

"चाचा, मी स्वतः तिला परत आणून सोडीन," असं राहीने त्यांच्या घरी जाऊन सांगितलं होतं, म्हणून तर त्यांनी तूबाला या सफरीला पाठवलं होतं. आणि आता गाडी चौदा टक्क्यांवर! एवढ्यात गुहागरच्या पुढे जाणं कठीण, आणि लाईटच नाही तर वाटेत चार्जिंग तरी कुठे करणार? भाड्याची जीप मिळेना, कारण ऐन मे महिन्यातला रविवार. एसटी बदलत गेलं तर पोचेपर्यंत अंधार पडणार.

तूबा नुसती हातातल्या मोबाइलकडे बघत राहिली. राहीला काकांच्या ओरडण्यापेक्षा ते जास्त लागलं.

"पोरांचं काय हो, बटणं दाबीतच असतात," ज्यांच्या घरी ते उतरले होते ते भागोजीकाका सुपारी कातरत म्हणाले. "मी तर रात्री लाईट आली तशी गाडी चार्जिंगला लावली होती. लगेच परत गेली लाईट. त्याला मी काय करणार? जनरेटर पण नेमका बिघडलाय."

आदल्या संध्याकाळच्या वाऱ्यात विजेच्या तारांवर झाड पडलं होतं आणि लाईट गेली होती. तेव्हा काकांनी गाडीची किल्लीच भागोजीकाकांच्या हातात दिली होती. "लाईट आली की लावा," असं सांगून ते खुशाल घोरत पडले होते. आणि ओरडा कुणाला? पोरांना!

मोठ्या माणसांचं एक बरं असतं. काही बिघडलं की घरात पोरं आहेत का ते बघायचं. असली की तपास संपला! राहीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. ती तरातरा घरामागे गेली आणि समोर पडलेल्या नारळाच्या सोडणाला तिने सणसणीत लाथ मारली.

"आई गं!" अंगठाच ठेचकाळला.

"सोडणाने काय केलं होतं गो तुझं?" मागून आलेल्या तूबाने विचारलं.

"तू गप्प बस! नाही, म्हणजे, तू बोल! तूबा, तू माझ्यावर ओरडत का नाहीस?"

"ओरडून चार्जिंग वाढणार असेल तर ओरडते," तूबा म्हणाली आणि तिने पुन्हा मोबाइलमधली वेळ बघितली.

राही खाली बसून अंगठा चोळायला लागली. समोर शेवटच्या खोलीच्या भिंतीजवळ चार कोंबड्या एका डबक्यात मान घालून पाणी पीत होत्या. उन्हाने सगळं परसू भाजून निघालं होतं, मग इथेच डबकं कुठून? राहीने वर बघितलं. भिंतीतून आलेल्या नळीतून पाणी ठिबकत होतं. टप! टप! टप!

"तूबा, ही नळी एसीची ना गो?"

"हो."

"आणि लाईट?"

दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. घरातले सगळे पंखे बंद होते. फ्रिज बंद होता. मग एसी कशावर चालला होता?

"कोंबड्या पायडल मारत असतील," मागोमाग येऊन पोचलेला सर्वेश म्हणाला.

"मूर्खा, वायर शोध!"

वायर सापडायला वेळ लागला नाही. शेवटच्या खोलीच्या खिडकीतून एक जाड काळी वायर खाली उतरली होती. तिच्यावर कुणीतरी मुद्दाम सुक्या झावळ्या टाकल्या होत्या. पोरं झावळ्या बाजूला करत करत कुंपणाच्या कडेने पुढे गेली, आणि वायर जिथे संपली ते बघून राहीचं डोकं सणकलं. वायर काकांच्या गाडीत गेली होती!

"हे चार्जिंग नाहीच आहे!" ती दात ओठ खात म्हणाली. "हा तर तो पांढरा जोड!"

काल अंगणात काकांनी मोठा तमाशा केला होता. गाडीला हाच जोड लावून त्यांनी मिक्सर चालवला होता, सगळ्यांना आंब्याचा मिल्कशेक पाजला होता आणि छाती फुगवून म्हटलं होतं, "बघा भागोजीराव, या गाडीवर अख्खं घर चालेल!" भागोजीरावांनी ते नीट ऐकून घेतलं होतं. सकाळी गाडीत वायर घातलेली सगळ्यांना दिसली होती. गाडी वीज घेते आहे असं जो तो समजला, आणि ती बिचारी रात्रभर वीज देत बसली होती!

"मी आत्ता जाऊन सांगते त्यांना!" राही उठली.

तूबाने तिचा हात घट्ट धरला. "थांब! वायर पण पोरांनीच जोडली म्हणतील ते. त्यांच्याच तोंडून निघायला हवं."

मग बेत ठरला. तूबा अंगणात गेली आणि "निलेशकाका, अब्बांना तुम्हीच फोन करून सांगा ना," म्हणून तिने काकांना भागोजीकाकांच्या शेजारी उभं केलं. सर्वेशने कोपऱ्यावरून खूण केली. राहीने गाडीआड वाकून तो पांढरा जोड धरला आणि खस्सकन ओढला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग शेवटच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. बनियनवर, खांद्यावर टॉवेल टाकून, भागोजीकाकांचे मुंबईचे जावई दर्शनराव बाहेर आले.

"मामा! एसी गेला! गाडीतली पिन निघाली वाटतं, बघा जरा!"

भागोजीकाकांचा अडकित्ता हवेतच राहिला.

"कुठल्या गाडीतली पिन?" निलेशकाकांनी हळूच विचारलं.

"ही काय, या गाडीतली! मामा म्हणाले, पाहुण्यांना विचारलंय."

"तसं नाय हो," भागोजीकाका चाचरले. "जावई वर्षातून एकदा आंबे खायला येतात. त्यांना घामात ठेवायचं म्हणजे... गावात काय तोंड दाखवणार मी?"

"आणि तूबाच्या अब्बांना कुणी तोंड दाखवायचं?" राही वायर हातात धरूनच पुढे आली. रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते पुसायचीही तिला शुद्ध नव्हती. "ते नऊ महिन्यांसाठी निघालेत! तुम्हाला सगळं ठाऊक होतं! तरी आमच्यावर आळ घेतलात! एसीसाठी!"

ओट्यावरून भागोजीकाकांच्या बायकोचा आवाज आला. "बरोबर बोलतेय पोर! आणि जनरेटर कुठं बिघडलाय वो? डिझेल वाचवायला बंद ठेवलाय! काढा भायेर!"

दर्शनराव शरमले. तेच आधी पडवीकडे धावले. जनरेटर पहिल्याच झटक्याला धडधडला. मग दुपारपर्यंत भागोजीकाका भर उन्हात डिझेल ओतत राहिले आणि जावईबापू पुठ्ठ्याने वारा घेत गाडीशेजारी पहाऱ्याला बसले. पोरांनी त्यांना सावलीत बसा असं एकदाही म्हटलं नाही.

"पुरे एवढं!" राहीने शेवटी आकडा बघून सांगितलं. "पण गाडीत एसी लावायचा नाही, काका. आणि गाणी तर अजिबात नाहीत."

काका मुकाट्याने हो म्हणाले. खिडक्या उघड्या टाकून, घामाच्या धारा पुसत ते निघाले. उतारावर चाकांनीच थोडी वीज बनवून चार्जिंगचा आकडा एकाने वाढवला तेव्हा सर्वेशने केवढी आरोळी ठोकली! धोपाव्याच्या जेट्टीवर फेरीबोट सुटायच्या बेतात होती. "थांबा! थांबा!" तिघंही खिडकीतून ओरडले आणि गाडी शेवटची आत शिरली. पलीकडे दाभोळ, मग पुन्हा चढ. काका समोर बघून गाडी हाकत होते. साधं "चुकलं" म्हणाले नव्हते. राहीचा राग धुमसत होता.

दापोली स्टँडवर मुंबईची एसटी उभी होती. कंडक्टर दारातच होता. तूबा गाडी थांबायच्या आत दार उघडून पळाली आणि रशीदचाचांच्या गळ्यातच पडली.

"मला वाटलं, नाही होत आता भेट," चाचा म्हणाले.

तेव्हा काका पुढे झाले. सगळ्या उतारूंसमोर त्यांनी घडलं ते सांगितलं. "चूक माझी, रशीदभाई. बढाई मी मारली, किल्ली मी दिली आणि न बघता पोरांवर ओरडलो. तुमची लेक वेळेत आली ती या पोरांमुळे."

चाचांनी राहीच्या डोक्यावर हात ठेवला. "बोटीवर ओरडणारे पुष्कळ असतात, बेटा. काय बिघडलं ते आधी जाऊन बघणारे थोडे. तू शब्द पाळलास."

एसटी हलली. तूबा वळणापर्यंत हात हलवत राहिली, आणि राही तिच्या शेजारी उभी राहिली.

"गेला का राग?" काकांनी विचारलं.

"नाही! आधी सर्वेशची माफी माग. त्याने तीन गाण्यांचं खरं सांगितलं, तर तू त्याला चोर म्हणालास."

काकांनी खरोखर कान पकडले. "सर्वेश, चुकलो मी."

सर्वेशने पायाच्या अंगठ्याने माती उकरली.

"खरं सांगू का, काका?" तो म्हणाला. "चार होती गाणी."